घरच्या वैरणीचा खरा भाव

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचा हिशेब मांडताना पेंड, सरकी, औषधपाणी आणि म्हशीच्या कर्जाचा हप्ता यांची नोंद बहुतेक घरांत होते. वैरणीच्या रकान्यात मात्र 'घरची' एवढेच लिहिले जाते आणि पुढची जागा रिकामी राहते. दूधधंद्यातला सर्वांत मोठा खर्च जनावरांच्या खाण्यावर होत असताना त्यातला निम्मा भाग असा कोरा सोडला, तर दूध परवडते की नाही या प्रश्नाचे उत्तर कुणालाही देता येणार नाही. म्हणून वैरणीचा उत्पादनखर्च कसा काढावा, हे येथे सविस्तर मांडत आहे.

केंद्र सरकारचा कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकांचा खर्च ज्या पायऱ्यांनी मोजतो, त्या वैरणीलाही लागू करता येतात. खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च म्हणजे ए2, त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए2 अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज धरले की सी2. हिरव्या चाऱ्याला हमीभाव नाही, त्यामुळे हा हिशेब आपल्यासाठी कुणी करून ठेवत नाही. तो ज्याचा त्यानेच करायचा आहे.

उदाहरणादाखल एक एकर संकरित नेपियर, म्हणजे एकदा लावून वारंवार कापायचे उंच चाऱ्याचे गवत, घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. नांगरट, सरी सोडणे, शेणखत, ठोंबे आणि लावण मिळून 24,000 रुपये खर्च झाला आणि पीक तीन वर्षे ठेवायचे ठरवले, तर वर्षाच्या वाट्याला 8,000 रुपये येतात. प्रत्येक कापणीनंतरचे खत, भांगलण, पाणीपट्टी आणि मोटारीचे वीजबिल यांचे 22,000 रुपये धरू. जमिनीचा खंड 30,000 रुपये. येथे एक पथ्य पाळले पाहिजे: ऊस लावला असता तर किती उरले असते, तो आकडाही धरायचा आणि खंडही धरायचा, असे दोन्ही करू नये, कारण त्याने एकच खर्च दोनदा मोजला जातो. शेणखत घरचे असले तरी ते बाजारभावाने वैरणीच्या नावे टाकावे आणि तेवढीच रक्कम गोठ्याच्या खात्यात जमा दाखवावी.

वर्षाला 60 टन हिरवी वैरण निघाली, तर येथपर्यंतचा खर्च किलोला 1 रुपया पडतो. खंड वगळला तर केवळ 50 पैसे, आणि बहुतेकांच्या मनातला भाव याच्या आसपास असतो. पण ही वैरण अजून शेतात उभी आहे. वर्षाचे 60 टन म्हणजे दिवसाला सुमारे 165 किलो. ती कापणे, भारे बांधणे, गोठ्यापर्यंत आणणे आणि कुट्टी करणे यांत एका माणसाचे तीन तास गेले आणि तासाला 40 रुपये मजुरी धरली, तर वर्षाचे 43,800 रुपये होतात. आता किलोचा भाव 1 रुपया 73 पैसे झाला. खर्चाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापणी-वाहतुकीचा आहे, आणि हिशेबातून हमखास गळतो तो नेमका हाच भाग.

तो गळण्याचे कारण असे की हे काम बहुतेक घरांत बायका करतात. पावसाळ्यात निथळत्या पातींच्या कडांनी मनगटावर बारीक चिरा उठतात, डोक्यावरच्या ओल्या भाऱ्याचे पाणी मानेवरून पाठीत उतरते आणि बांधावरचा चिखल पाय धरून ठेवतो. या श्रमाला वहीत शून्य किंमत देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय त्या आकड्याविना कुट्टी यंत्र घ्यावे की नाही, किंवा वैरण गोठ्याजवळच्या तुकड्यात लावावी की लांबच्या, हेही ठरवता येत नाही.

यानंतर वैरणीतल्या पाण्याचा प्रश्न येतो. आपण हिरव्या वजनाचा भाव काढला, पण जनावराला पोसतो तो शुष्क भाग. नेपियरमध्ये तो 20 टक्के असेल, तर शुष्क वैरणीचा भाव किलोला 8 रुपये 65 पैसे होतो. ऐन पावसात कोवळी कापणी करून तो 15 टक्क्यांवर आला, तर तीच वैरण साडेअकरा रुपयांना पडते. ताज्या कुट्टीचा एक किलो पातळ पसरून, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून तोलला, की हा अंदाज घरीच येतो. गव्हाणीत दररोज 15 टक्के जाड कांड्या उरत असतील, तर 1.73 रुपयांची हिरवी वैरण प्रत्यक्षात 2 रुपये 4 पैशांना पडली असे समजावे.

प्रथिनांचा हिशेब तर चित्रच पालटतो. लसूणघास गोठ्यात येईपर्यंत किलोला 3 रुपये पडला असे धरू. त्याच्या हिरव्या किलोत साधारण 38 ग्रॅम प्रथिने असतात, नेपियरच्या किलोत सुमारे 16. म्हणजे प्रथिनांचा किलो लसूणघासातून 79 रुपयांना आणि नेपियरमधून 108 रुपयांना मिळतो. महाग दिसणारे पीक स्वस्त ठरते, कारण त्यामुळे पेंडेत कपात करता येते. मात्र पाणी साचणाऱ्या नदीकाठच्या काळ्या रानात लसूणघास टिकत नाही, आणि तो एकटाच भरपूर घातला तर पोटफुगीचा धोका असतो.

गळीत हंगामात उसाचे वाडे मुबलक असतात. वाड्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून क्षारमिश्रणाचा खर्च त्यांच्याच नावे लिहावा. तो आणि आणण्याची मजुरी धरूनही वाडे नेपियरपेक्षा स्वस्त पडत असतील, तर त्या महिन्यांत वाडे वाढवून घरची वैरण मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, राखता येते. मुरघासाला मात्र भरपूर ओलावा असलेल्या नेपियरपेक्षा चिकात आलेला मका अधिक चांगला.

दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी येते. त्या दहा दिवसांत एकदा तरी भारा तोलून, कापणीला लागलेले तास आणि गव्हाणीतली उरलेली वैरण बिलाच्याच मागे लिहिली, तर वर्षभराच्या नोंदी आपोआप जमतात आणि पुढच्या लावणीला किती गुंठे नेपियर, किती मका आणि किती लसूणघास घ्यायचा, हे त्यावरून ठरवता येते.