चार बेस, दोन ॲम्प आणि आमचा डॉल्बीवाला

आमच्या इचलकरंजीत ‘डॉल्बी’ म्हटलं की ॲटमॉस वगैरे सिनेमाच्या आवाजाचं तंत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बेसची भिंत येते. गणपतीला, वरातीला, निवडणुकीच्या निकालाला वाजणारी. त्यामुळे वरच्या खोलीत मी होम थिएटर करतोय आणि त्यात चार सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर, बसवणार आहे, हे फुटल्यावर गल्लीत बातमी गेली ती अशी: मालकांनी घरातच डॉल्बी लावलाय.

माझा धंदा यंत्रमागांचा. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि रात्री पुन्हा आवाजावरच पैसे घालायचे, हे बायकोला अजून पटलेलं नाही. तिचं चुकतं असंही नाही.

खोली १८ बाय १२ फुटांची. आधी एकच १२ इंची सबवूफर होता, पोटातच ॲम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) असलेला. सोफ्यावर बसलं की बेस पोकळ, मागच्या भिंतीला टेकलं की छातीत धडधड. कारण साधं आहे. खोलीची लांबी साधारण ५.५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३१ हर्ट्झ येतात. त्या सुराला खोलीच घुमते. भिंतींपाशी आवाज साठतो आणि मधोमध मरतो. रुंदीचा आकडा येतो ४७. एका सबवूफरला कितीही दांडगा ॲम्प जोडा, मधला खड्डा काही भरत नाही. हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याचाच अभ्यास मांडला होता. आयताकृती खोलीत चार कोपऱ्यांत किंवा चार भिंतींच्या मध्यावर मिळून चार सबवूफर ठेवले, की जागेजागेचा फरक बराच कमी होतो. त्याहून संख्या वाढवून फारसं काही पदरात पडत नाही.

पावसाळ्यात त्या जुन्या सबवूफरचा ॲम्प बसला आणि मला निमित्त मिळालं. १५ इंची चार ड्रायव्हर (खोक्याविना नुसते स्पीकर) मागवले, सुताराकडून चार बंद खोकी करून घेतली. ड्रायव्हरला दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी), प्रत्येकी २ ओहमची; ओहम म्हणजे विजेला होणारा रोध. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्या की ड्रायव्हर ४ ओहमचा होतो. आता राहिला ॲम्प. मी आठवडाभर नुसते वॅट वाचत होतो. ३०००, ६०००, १२०००. शेवटी गल्लीच्या टोकाला ज्याचं गोडाऊन आहे त्या डॉल्बीवाल्याकडे गेलो. म्हटलं, भावा, चार बेसना किती वॅटचा ॲम्प लागेल?

“मालक, वॅट राहू द्यात. ओहम किती ते सांगा की.”

त्याचं म्हणणं असं, की डब्यावर छापलेला वॅट कुठल्या ओहमला, किती वेळ आणि एक चॅनल चालवून की दोन, हे कळल्याशिवाय तो आकडा म्हणजे बाजारभाव न सांगता कापडाचा नुसता मीटर सांगण्यासारखा. कापडाचं उदाहरण त्याने माझ्यासाठी दिलं असणार. वर त्याने एक जुना ॲम्प गोडाऊनमधून काढून दिला. आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर, जिन्यावरून चढवायला दोघं लागले. “चार दिवस वाजवून बघा, मग काय घ्यायचं ते घ्या.”

त्या चार दिवसांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं.

पहिल्या रात्री बायको म्हणाली, “हा कूलर कशाला लावलाय?” कूलर नव्हता, ॲम्पचा पंखा होता. मांडवात हजार माणसांच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येणार! पण सिनेमात दोन माणसं हळू बोलतायत आणि शेजारी घरघर चालू, म्हणजे सगळीच माती. व्यावसायिक ॲम्प घरात आणायचा असेल तर तो ठेवणार कुठे हे आधी ठरवा, घ्या नंतर.

दुसरं, आवाजच निघेना. रिसीव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज स्पीकरांना वाटून देणारी पेटी. त्याच्या सबवूफर आउटमधून निघणारा सिग्नल घरगुती पातळीचा, आणि ॲम्पची अपेक्षा मिक्सरकडून येणाऱ्या तगड्या सिग्नलची. मी रिसीव्हरमधला सबचा ट्रिम, म्हणजे पातळी, वाढवत नेला. तो शेवटाला टेकला, तरी ॲम्पचे दिवे जेमतेम लुकलुकत होते, आणि वर आवाज फाटायला लागला. फाटत होता रिसीव्हर. ॲम्प बिचारा अर्धा रिकामाच. तेव्हापासून ॲम्पच्या माहितीपत्रकात मी वॅटच्या आधी ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ बघतो. पूर्ण ताकदीसाठी १.४ व्होल्ट मागणारे बरेच असतात, ०.७७५ व्होल्टवर भागणारा मिळाला तर घरच्या रिसीव्हरला तो सोपा जातो.

तिसऱ्या भानगडीत माझ्याकडून सुतारावर अन्याय झाला. यूमिक-१ हा मोजणीचा माइक लॅपटॉपला जोडून आरईडब्ल्यू या सॉफ्टवेअरवर मोजणी केली, तर ३० हर्ट्झच्या खाली आलेखाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी. मला वाटलं खोकी गळतायत. सुताराला रविवारी बोलावलं, चारही खोक्यांच्या सांध्यांत सिलिकॉन भरून घेतलं. रेघ तशीच. सोमवारी ॲम्पच्या पाठीमागे टॉर्च मारला तेव्हा बारीक स्विचांची एक ओळ दिसली, आणि त्यातला ‘लो कट ३० हर्ट्झ’, म्हणजे ३० च्या खालचा आवाज कापणारा, चालू होता. डॉल्बीवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्याला ढोलाचा ठोका हवा, तो ५० ते १०० मध्ये मिळतो. त्याखालचं सगळं म्हणजे फुकट तापलेली कॉइल. माझा मात्र निम्मा खर्चच त्या ३० च्या खालच्या भागासाठी होता. स्विच खाली केला आणि रेघ वर आली. सुताराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, असू दे, सिलिकॉनचे पैसे तेवढे द्या.

यानंतर वॅटचा हिशोब मांडला. चार सारखे ड्रायव्हर एकाच वेळी एकाच दिशेने हवा ढकलतात तेव्हा दाब चौपट होतो, म्हणजे १२ डेसिबलची वाढ. तेवढा आवाज एकट्या ड्रायव्हरकडून काढायचा तर त्याला सोळापट वॅट द्यावे लागतात. १२५ वॅटवर चालणारे चौघे म्हणजे २००० वॅट पिणारा एकटा. खोलीच्या चार टोकांना ठेवल्यावर हे गणित सगळ्या सुरांना तंतोतंत लागू पडत नाही, पण अगदी खालच्या सुरांना बऱ्यापैकी पडतं. म्हणजे सबवूफर वाढवले की एकेकाला लागणारा ॲम्प लहान होतो. मी आठवडाभर उलटंच धरून बसलो होतो.

मग क्राउन कंपनीच्या एक्सएलएस १५०२ या ॲम्पवर नजर थांबली. दोन चॅनल, वजन पाच किलोच्या आत, मागे घरगुती यंत्रांची वायर बसेल असे साधे आरसीए इनपुट, आणि सेन्सिटिव्हिटी १.४ की ०.७७५ ते निवडायची सोय. आकडे एका चॅनलचे: ८ ओहमला ३००, ४ ओहमला ५२५, २ ओहमला ७७५ वॅट. ओहम निम्मे झाले म्हणून वॅट दुप्पट होत नाहीत, हे इथेच दिसतं. एकाच ॲम्पवर चार ड्रायव्हर चालवायचे तर एका चॅनलवर दोन येणार. सिरीज केले तर ८ ओहम, वाट्याला १५०-१५० वॅट. पॅरलल केले तर २ ओहम, वाट्याला ३८७ च्या आसपास. आणि दोन ॲम्प घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल दिला तर ५२५.

डॉल्बीवाला म्हणाला, २ ओहमला रोज चालवू नका, एप्रिल-मेमध्ये मशीन ट्रिप होणार. मला तेवढ्याने पटत नव्हतं, कारण ३८७ आणि ५२५ मधला फरक डेसिबलमध्ये १.३ च भरतो. त्यासाठी दुसरा ॲम्प? बायकोला हा आकडा मी सांगितलाच नाही.

निकाल लावला तो खोलीच्या दाराने. दार मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे. तीन खोकी कोपऱ्यांत बसली, चौथं दारापासून साडेतीन फूट सरकवावं लागलं. चार कोपऱ्यांची चौकट मोडली म्हटल्यावर प्रत्येक सबवूफरला वेगळा डिले (आवाज किंचित उशिरा सोडणं), वेगळी पातळी आणि वेगळा ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) देणं आलं. हे काम करणाऱ्या मिनीडीएसपी २x४ एचडी या डबीला चार आउटपुट आहेत, पण दोन ड्रायव्हर एकाच चॅनलला बांधले की त्या चारांतले दोनच कामाचे. म्हणून दोन ॲम्प. १.३ डेसिबल वरकड मिळाले असं मी धरतो.

ब्रिज करून, म्हणजे ॲम्पचे दोन चॅनल मिळून एक करून, एकच मोठा आकडा मिळवायचा मोह मलाही झाला होता. ब्रिजमध्ये ४ ओहमचा ड्रायव्हर प्रत्येक बाजूला २ ओहमसारखा भासतो, म्हणजे फिरून तिथेच. सोडून दिलं.

दोन्ही ॲम्प जिन्याखालच्या कपाटात ठेवले, जाळीचं दार लावून. तिथून लांबचं खोकं वायरने दहा मीटरवर. घराच्या वायरिंगला वापरतो तीच ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध ०.१ ओहमच्याही आत. मीटरला हजारो रुपये मागणाऱ्या केबल दाखवणाऱ्याला मी चहा पाजला आणि निरोप दिला.

वायरमन मात्र आकडे बघून घाबरला. चार गुणिले ५२५ म्हणजे २१०० वॅट, मालक, वेगळी लाइन लागणार. प्रत्यक्षात सिनेमाचा आवाज सतत पूर्ण ताकदीवर नसतो. आठव्या हिश्श्याचा अंदाज धरतात, म्हणजे २६० वॅटच्या आसपास. ॲम्पमध्ये तापून वाया जाणारी वीज मिळवली तरी इस्त्रीपेक्षा कमी. तरी मी १६ ॲम्पियरचा सॉकेट घेतलाच, अर्थिंग तपासून. ॲम्प एकेक करून चालू करायची सवय मागांवरूनच लागलीय. सगळ्या मोटरी एकदम उठवल्या की काय होतं ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

गेल्या रविवारी डॉल्बीवाल्याला ऐकायला बोलावलं. विमान कोसळण्याचा एक प्रसंग लावला. तो गप्प. मग उठून चारही कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला, सोफ्यावर परत बसला आणि म्हणाला, “सगळीकडं सारखंच लागतंय की ओ. आणि पंखा कुठाय?”

एवढ्यात खालून आईची हाक आली. माळ्यावर आजीच्या वेळचं तांब्याचं घंगाळ आहे, त्याची कडी वाजत होती. मी सूर फिरवून बघितला: ३१ हर्ट्झ. ईक्यूमध्ये तेवढाच सूर दाबला तर खोलीचं गणित बिघडतं, आणि घंगाळ हलवायला आई तयार नाही. सध्या कडीला सुताचा बोळा बांधलाय, कारखान्यातलाच.