महालक्ष्म्यांच्या ताटातले घावन

ठाण्याहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला उतरले, तेव्हा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक होऊन आठवडा उलटला होता आणि शहराच्या महाल या जुन्या भागातल्या माझ्या आजोळी महालक्ष्म्या यायच्या होत्या. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. मी पाच दिवस राहिले. दीक्षाभूमी, फुटाळा तलाव, इतवारीतली खरेदी हे सगळे झाले, परंतु सांगावेसे वाटते ते दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकघराविषयी.

मामी पहाटे चार वाजता उठली होती. तिचे वय 74, गुडघे दुखरे, तरीही आंबील दुसऱ्या कोणाच्या हातची तिला चालत नाही. ज्वारीचे भरड पीठ आदल्या रात्रीच आंबट ताकात भिजवून ठेवलेले होते. आधणात आले, हिरवी मिरची, जिरे आणि मीठ घालून त्यात ते मिश्रण धारेने सोडायचे, एका हाताने सतत ढवळत राहायचे आणि शेवटी सुक्या खोबऱ्याचे काप टाकायचे, एवढीच तिची कृती. पीठ किती आणि ताक किती, असे विचारल्यावर मामी मला पळीवरून ओघळणारी धार दाखवते. शेजारी सोळा भाज्यांची चिराचिरी चालू होती, पुरण शिजत होते आणि बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्यांच्या डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगला जात होता. दुपारी दीडशे माणसे जेवायची होती. एवढ्या कामात घरातले पुरुष केवळ वाढायला उभे राहतात, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी त्या सकाळीही मोठ्याने बोलून दाखवली. मामेभावाने त्यानंतर निमूटपणे दोडके सोलायला घेतले.

त्या ताटाविषयी एक गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच कळली. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या हे घराण्याचे मूळचे. बाकीचे एकेका सुनेबरोबर आलेले आहे. आजीचे माहेर वर्ध्याचे. तिने पुडाची वडी आणली. नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून तिला सांबारवडीही म्हणतात. बेसन आणि कणकेची पातळ पोळी लाटून तिला आतून चिंचेचा कोळ लावायचा, सांबार, खसखस, तीळ आणि खोबऱ्याचे सारण भरायचे, पुडा बांधल्यासारखी घडी घालायची आणि तळायची. खरा तिचा हंगाम हिवाळा, कारण तेव्हा सांबार स्वस्त आणि कोवळा असतो. भाद्रपदात तो महाग आणि चिखलाने भरलेला मिळतो, म्हणून महालक्ष्म्यांच्या पंगतीत वडी मोजून एकच वाढली जाते. मामी भंडाऱ्याची, तिने काही पदार्थ आणला नाही, तांदूळ आणला. तिच्या लग्नापासून नैवेद्याच्या भाताची मूद भंडाऱ्याहून आलेल्या सुवासिक चिन्नोरची असते.

या वर्षी घरात नवी सून आहे, मामीची नातसून, कुडाळची. आदल्या रात्री भाज्या निवडताना मामीने तिला अगदी सहज विचारले, "काय गं, तुमच्याकडे या दिवशी काय करतात?" ती संकोचून म्हणाली, "घावन-घाटलं." म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे आणि त्याबरोबर नारळाच्या दुधातली गोड, दाटसर खीर. मामी म्हणाली, "मग उद्या कर न."

चुलतमामींना ते मानवले नाही. महालक्ष्म्यांच्या ताटात नवे काही घालू नये, चुकले तर दोष लागतो, असे त्या दोनदा म्हणाल्या. मामीने सांबार निवडतानाच उत्तर दिले, "माझ्या माहेरचे तांदूळ आले तेव्हाही असंच म्हणून राहिले होते सारे. पन्नास वर्षं झाली, खाऊन राहिले न?"

अडचणी पुढेच होत्या. नागपूरच्या आमच्या स्वयंपाकात सुके खोबरे चालते, ओला नारळ क्वचितच येतो, त्यामुळे घरातल्या विळीला खवणीच नव्हती. नातसुनेने माहेरून आणलेली विळी प्रथमच गुंडाळलेल्या कागदातून बाहेर काढली आणि घाटल्यासाठी नारळाचे दूध काढले. बिडाचा तवा नसल्याने पहिली दोन घावने पोळ्यांच्या तव्याला चिकटून फाटली. तिचे डोळे भरून आले. मामी गुडघ्यावर हात टेकून उठली, तिने वांग्याचे देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवले आणि तिच्या शेजारी उभी राहिली. तिसरे घावन जाळीदार सुटले. पीठ चिन्नोरचे होते. भंडाऱ्याचा तांदूळ आणि कुडाळचे घावन, तव्यावरून उठणारा तो वास मी विसरणार नाही.

मी मात्र त्या वेळी स्वयंपाकघरातून उठून मागच्या अंगणात गेले, कारण मला आईची आठवण झाली. आई या घरातून ठाण्याला गेली ती खड्यांच्या गौरी आणणाऱ्या कुटुंबात. तिथे आंबील कोणाला ठाऊक नव्हती. दर वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी सर्वांची पाने उठल्यावर ती एका लहान पातेल्यात स्वतःपुरती आंबील करी आणि ओट्याजवळ उभी राहून पीत असे. तिला त्या घरात 38 वर्षांत कोणीही विचारले नाही की तुझ्या माहेरी काय करतात. मीही विचारले नाही. ती मला वाटी देत असे आणि आंबट लागते म्हणून मी ती परत करीत असे. चुलतमामींच्या बोलण्याचा मला राग आला खरा, परंतु त्या निदान उघडपणे बोलल्या होत्या. आमच्याकडे तर बोलण्याइतकीही कोणी दखल घेतली नव्हती.

पंगतीत आग्रह अतोनात झाला. नागपूरचा आग्रह मला सहसा सोसत नाही, पण त्या दिवशी मी आंबील तीन वाट्या घेतली. चुलतमामींनी नैवेद्याचे घावन खाल्ले. गोड जरा कमी आहे, एवढेच म्हणाल्या.

निघताना मामीने ज्वारीचे पीठ आणि स्टीलच्या डब्यात उरलेली आंबील बांधून दिली. गाडीने वर्धा सोडल्यावर मी डबा उघडला. आंबील घट्ट झाली होती. आई दुसऱ्या दिवशी तिच्यात गरम पाणी घालून सारखी करीत असे. माझ्याजवळ गरम पाणी नव्हते. मी ती तशीच, चमच्याने कापून, डबा रिकामा होईपर्यंत खाल्ली.