तंबोरा लावताना: खुंटी, मणी आणि जवारीचा दोरा

गाणं शिकायला लागल्यावर पहिली काही वर्षं तंबोरा दुसऱ्याने लावून दिलेला मिळतो. नंतर कधीतरी तो स्वतः लावायची वेळ येते, आणि तेव्हा कळतं की हे वेगळं शिक्षण आहे. मला चार तारा स्वतःच्या कानाने जुळवता यायला दोन पावसाळे लागले. त्या काळात जे हाताला आणि कानाला कळलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. माझा तंबोरा मिरजेचा, मर्दानी (पुरुषी आवाजासाठीचा), चार तारांचा. घोडीपासून (भोपळ्यावरची, तारा टेकतात ती रुंद पट्टी) अटीपर्यंत (खुंट्यांजवळची आडवी पट्टी) तारेची लांबी ३८ इंच. माझा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. खालचे आकडे या वाद्याचे आहेत. जनानी तंबोरा लहान असतो आणि त्याच्या तारा बारीक लागतात, पण लावण्याचा क्रम तोच.

आधी तारा. पहिली पंचमाची, पोलादी, २७ नंबर. दुसरी आणि तिसरी म्हणजे जोड, दोन्ही षड्जाच्या, पोलादी, २९ नंबर. चौथी खर्जाची (खालच्या षड्जाची), पितळी, २२ नंबर. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक: २९ म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७१. जोडीच्या दोन्ही तारा एकाच रिळातल्या घ्याव्यात. एक जुनी आणि एक नवी असेल तर सूर जुळतो, पण नाद जुळत नाही. जुन्या तारेची आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) कमी पडते आणि जोड कायम लंगडी वाटते. म्हणून जोडीतली एक तुटली की मी दोन्ही बदलतो.

तार चढवताना खालच्या टोकाला लंगोटात (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायची पट्टी) अडकवायचा फास नीट पिळून घ्यावा लागतो. पीळ सैल राहिला तर तो दिवसभर थोडा थोडा सरकतो आणि तार उतरत राहते. सुरुवातीला मी त्याचा दोष खुंटीला देत होतो. वर खुंटीवर तीन-चार वेढे पुरतात, तेही शेजारी शेजारी. एकावर एक चढलेले वेढे नंतर दबतात आणि सूर उतरतो. तारेला कुठेही मुरड पडू देऊ नये, कारण ती नेमकी त्याच जागी तुटते.

तारा तुटण्याचं दुसरं कारण मला दोन तारा गमावल्यावर कळलं. नवी तार सैल असताना तिचा सूर अंदाजाने ओळखता येत नाही आणि कान पेटीच्या वरच्या सप्तकातल्या षड्जामागे जातो. जोडीची तार काळी एकला साधारण १३८.६ हर्ट्झवर बोलते. तीच एक सप्तक वर न्यायला गेलं तर ताण चौपट होतो आणि २९ नंबरची तार तो सोसत नाही. त्यामुळे नवी तार चढवताना आधी तोंडाने मंद्र सप्तकात गाऊन घ्यायचं, तारेला त्या आवाजापाशी आणायचं आणि तिथून सावकाश वर जायचं.

खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची. नुसती फिरवली की ती सैल होऊन सुटते. भोकातून सरकत असेल तर खुंटी काढून तिच्या बुडाला कोरडा खडू चोळायचा. पावसाळ्यात उलटं होतं: लाकूड फुगतं, खुंटी घट्ट बसते, झटक्याने फिरते आणि हवी ती जागा ओलांडून जाते. अशा वेळी सूर थोडा खालून घ्यायचा आणि उरलेलं अंतर घोडीमागे तारेखाली असलेल्या मण्याने भरायचं. चारही तारांचा ताण मिळून वीस किलोच्या आसपास जातो, त्यामुळे नव्या तारा चढवल्यावर दांडी आणि तबलीही (भोपळ्यावरची लाकडी पाटी) किंचित बसतात. पहिले दोन दिवस तंबोरा उतरणारच, त्याला खोट समजू नये.

आता जुळवणं. तंबोरा सतरंजीवर आडवा, भोपळ्याखाली चुंबळ, खुंट्या डाव्या हाताला. चारही मणी लंगोट आणि घोडीच्या मधोमध आणून ठेवायचे, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना सरकवायला जागा राहते. जवारीचे दोरे (घोडी आणि तार यांच्यामधले सुती दोरे) या टप्प्यावर काढून टाकायचे किंवा घोडीच्या मागे ओढून ठेवायचे. दोरा लागलेला असताना आवाजात इतके उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे स्वर) येतात की नवख्या कानाला मूळ सूर सापडत नाही.

क्रम असा: जोडीतली एक तार, मग दुसरी, मग खर्ज, शेवटी पंचम. पंचमाची तार हाताला पहिली येते म्हणून मी सुरुवातीला तिच्यापासून लागत असे, आणि मग षड्ज मिळवताना ताण वाढून तीच उतरायची. पेटीवरून किंवा मोबाइलवरून फक्त एक षड्ज घ्यायचा. त्यानंतर पेटी मिटून ठेवायची.

जोड जुळवणं हा सगळ्यात मोठा धडा. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाज डोलायला लागतो: मोठा, लहान, मोठा, लहान. दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर दोन सेकंदांत एक लाट येते. फरक कमी होत जातो तशी लाट लांबते आणि शेवटी थांबते. मोबाइलचा काटा अर्ध्या हर्ट्झला बरोबर म्हणून हिरवा होतो, कान मात्र ती लाट स्पष्ट ऐकतो. लाट थांबवताना कुठल्या दिशेला जायचं हे कळत नसेल, तर एक तार मुद्दाम थोडी उतरवायची. लाट जलद झाली तर ती तार आधीच खाली होती, संथ झाली तर वर होती. हा एकच उपाय मला महिनाभराच्या चाचपडण्यातून बाहेर घेऊन आला.

खर्ज जोडीच्या एक सप्तक खाली. जोड आणि खर्ज एकापाठोपाठ छेडले की खर्जाच्या पोटातला दुसरा उपस्वर जोडीशी भिडतो आणि तिथेही लाट ऐकू येते. पितळी तार जड असते, जोराने छेडली की क्षणभर चढी बोलते आणि मग आपल्या जागी येते. खर्ज हलक्या बोटाने, म्हणजे प्रत्यक्ष गाताना छेडू तितक्याच दाबाने छेडून मिळवायचा.

पंचमाची तार जोडीच्या खालच्या पंचमाला, काळी एकचा षड्ज असेल तर साधारण १०३.९५ हर्ट्झला. पंचम पेटीवरून का घ्यायचा नाही, ते इथे कळतं. पेटीचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा किंचित उतरा असतो. फरक फार बारीक आहे, पण पंचमाच्या तारेचा चौथा उपस्वर आणि जोडीचा तिसरा उपस्वर एकाच जागी, ४१६ हर्ट्झच्या आसपास येतात, आणि तिथे तो फरक दोन सेकंदांना एक लाट म्हणून ऐकू येतो. पेटीशी तंतोतंत जुळलेला पंचम तंबोऱ्यात डोलतो. पंचम जोडीवरूनच घ्यायचा आणि लाट थांबेपर्यंत न्यायचा.

इतकं झाल्यावर खुंट्यांना हात लावायचा नाही. पुढचं काम मण्यांचं. मणी लंगोटाकडे सरकवला की तार ताणली जाते आणि चढते, घोडीकडे आणला की उतरते. कारण सोपं आहे: तार घोडीवरून लंगोटाकडे उतरत जाते, तबली आणि तार यांतलं अंतर कमी होत जातं आणि तोच मणी तारेला जास्त उचलतो. यात एक गोष्ट फसवते. मणी सरकवल्यावर वाढलेला ताण घोडीच्या रुंद पाठीवरून लगेच पलीकडे जात नाही. सूर बदललाच नाही असं वाटून आपण मणी आणखी सरकवतो आणि दोन मिनिटांनी तार आपोआप चढते. म्हणून प्रत्येक वेळी मणी हलवल्यावर तार घोडीच्या पुढे बोटाने हलकी दाबून सोडायची, दोन-तीनदा छेडायची आणि मगच ऐकायचं.

मग जवारी. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-उचलत राहते आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला, मधमाशांसारखा नाद येतो. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा तिला केसभर उचलतो, म्हणजे ती नेमक्या जागी टेकते. दोरा फार पुढे, अटीच्या दिशेला गेला तर तार घोडीवरून पूर्ण सुटते आणि आवाज तुटक, कोरडा येतो. फार मागे राहिला तर तार घोडीवर घासते, खरखर येते आणि आस मरते. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, गव्हाच्या दाण्याइतकीही नाही.

ती जागा शोधताना मी असं करतो: उजव्या हाताने तार सतत छेडत राहायची आणि डाव्या हाताने दोऱ्याची दोन्ही टोकं धरून तो मागून पुढे अगदी सावकाश आणायचा. आधी खरखर, मग आवाज फुलायला लागतो, मग एका ठिकाणी तो एकदम उघडतो आणि तार सोडल्यावरही वाढत असल्यासारखा वाटतो. थांबायचं तिथेच. दोऱ्याची जाडी तारेप्रमाणे लागते. माझ्या तंबोऱ्याला जोडीसाठी शिवणाचा एकेरी दोरा पुरतो, खर्जाला तोच दुहेरी पिळून घेतो. घाम आणि धूळ लागून दोरा दबतो, तेव्हा तो दर पंधरवड्याने बदलणं बरं. दोरा लावल्याने सूर थोडा हलतो, म्हणून पुन्हा मणी, आणि मणी बराच हलवला तर पुन्हा दोरा. असे दोन-तीन फेरे होतातच.

चारही तारा नीट लागल्या की खर्जातून गंधार ऐकू येतो. तो कुठल्याही तारेवर मिळवलेला नसतो, खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा स्पष्टपणे उतरा आहे. ज्या दिवशी पहिल्यांदा तो ऐकू आला, त्या दिवसापासून भूप रागात गंधार कुठे लावायचा हा प्रश्न मला पेटीला विचारावा लागला नाही. गंधार येत नसेल तर बहुतेक वेळा खर्जाचा दोरा चुकलेला असतो, सूर नव्हे.

मालकंसासारख्या, पंचम वर्ज्य असलेल्या रागाला पहिली तार मध्यमावर उतरवतात. मारवा, पूरियाला ती निषादावर चढवतात. पंचमावरून शुद्ध निषादावर जाताना त्या एका तारेचा ताण दीडपटीहून जास्त होतो, त्यामुळे बाकीच्या तिन्ही तारा किंचित उतरतात आणि पहिल्या तारेचा दोराही चुकतो. निषाद लावला की जोड पुन्हा तपासावीच लागते. मैफलीत हा बदल आयत्या वेळी करू नये.

छेडण्याबद्दल थोडं. पंचम मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तारा तर्जनीने. नखाने नाही, बोटाच्या मांसल बाजूने, आणि तार ओढायची नाही, तिच्यावरून बोट सरकू द्यायचं. चार तारांचं एक आवर्तन मी चार ते पाच सेकंदांत घेतो. गाण्याची लय वाढली तरी तंबोऱ्याची वाढवायची नाही. तबल्यामागे बोटं धावायला लागतात, ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मंचावर दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावतात आणि सूर उतरतो, वातानुकूलित सभागृहात आल्यावर सुरुवातीला तो चढतो. कार्यक्रमाच्या जागी निदान अर्धा तास तंबोरा गवसणीतून काढून ठेवायचा आणि मगच लावायचा. लांबच्या प्रवासाला निघताना तारा एखाद-दोन सूर उतरवून ठेवतो, मणी मध्यावर आणतो.

एक काम मात्र घरी करू नये: घोडी घासणं. वर्षानुवर्षं तार टेकून घोडीवर बारीक खाचा पडतात, मग दोरा कुठेही नेला तरी आवाज उघडत नाही. तेव्हा कानशीने घोडीची पाठ घासून जवारी काढून घ्यावी लागते आणि ते कारागिराचंच काम. मिरजेत हे काम पिढ्यांपासून चालतं. शस्त्रं घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. जवारी काढताना कारागीर दोन-चार वेळा कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. जाताना आपला षड्ज आणि आपल्या तारांचे नंबर त्याला सांगायचे. काळी एकसाठी काढलेली जवारी पांढरी चारला तशीच बोलत नाही. आणि तिथे बसून तंबोरा आपण स्वतः लावून, दोरा स्वतः सरकवून पाहायचा. जागा मिळायला हाताला फार शोधावं लागलं, तर घोडी अजून एकदा कानशीखाली जायला हवी असं तिथल्या तिथे सांगायचं. घरी आल्यावर ते सांगता येत नाही.