केसपेपरवर कमरेचं मापही हवं

मी मिरजेत मानसोपचार वॉर्डात स्टाफ नर्स आहे. फॉलोअपला पेशंट आला की झोप लागते का, भास होतात का, गोळ्या वेळेवर घेतो का, एवढं विचारून होतं. वजनाचा काटा कोपऱ्यात असतो, पण पेशंटला त्यावर उभं करायचं राहून जातं.

तासगावकडचा एक तरुण आमच्याकडे येतो. स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा मानसिक आजार. त्यावरची ओलान्झापिन ही गोळी लागू पडली, कानात येणारे आवाज थांबले, तो पुन्हा द्राक्षबागेत जायला लागला. अंगानं भरला तेव्हा आईला बरंच वाटलं. मग एकदा तीच काकुळतीनं म्हणाली, "सिस्टर, चार भाकरी खाऊन उठतोय आन् तासाभरात परत मागतोय. थोरला म्हणतोय, ह्याला काम नको, नुसतं खायला पायजे."

तो शेजारीच मान खाली घालून बसला होता. मी त्याच्यासमोरच सांगितलं, की ही भूक गोळीची आहे, त्याच्या आळसाची नाही. ओलान्झापिन आणि याच आजारावरची दुसरी गोळी क्लोझापिन मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचं काही काम अडवतात, त्यामुळं भूक वाढते आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही. त्यात गुंगीमुळं हालचाल कमी. वजन वाढतं, साखर वाढते, रक्तातली चरबी वाढते.

आपल्याकडं पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर आणि बाईची ८० झाली की सावध व्हायचं. गोळी सुरू करण्याआधी वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल बघावं. वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी घ्यावं, असं अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचाराच्या संघटनांनी २००४ मध्येच सांगून ठेवलंय. यातलं वजन, कंबर आणि बीपी बघायला डॉक्टर लागत नाहीत. शिंप्याकडची टेप पुरते. हे काम आम्हा सिस्टर-ब्रदरांचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पण वॉर्डातला माणूस 'धाप लागते' म्हणाला तर 'घाबरलाय' म्हणून सोडून देतात. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी. याचा मला फार त्रास होतो.

त्या तरुणाची साखर काठावर आली होती. गोळी बदलायचा विषय निघाला, पण आवाज परत येतील ही आईची भीती काही खोटी नव्हती. डॉक्टरांनी तीच गोळी ठेवून मेटफॉर्मिन हे साखरेवरचं औषध जोडलं. थोरल्या भावाला मी मुद्दाम बोलावून घेतलं. आता तो त्याला रोज बांधावरून चालायला नेतो. गोड चहा कमी झालाय.

तुमच्या घरात कुणाला या गोळ्या चालू असतील तर पुढच्या फेरीला वजन आणि कंबर मोजायला सांगा, आकडे केसपेपरवर लिहून घ्या. वजन वाढतंय म्हणून गोळी मात्र मनानं बंद करू नका, आजार उलटतो. आधी डॉक्टरांशी बोला.