पेशन्स लॉबीत थांबलीय

परवा ऑफिसच्या कॉलमध्ये स्क्रीनवर मेसेज आला, पेशन्स लॉबीत वाट बघतेय. मी एकटीच खोलीत खो खो हसले. आमच्या घानाच्या टीममधली नवीन मुलगी, तिचं नावच पेशन्स. त्यात होस्ट गायब, म्हणजे बिचारी पेशन्स बाहेर दहा मिनिटं ताटकळली.

मग त्या नावाच्या मागेच लागले. लॅटिनमध्ये पाती म्हणजे सोसणं, भोगणं, त्यावरून हा पेशन्स आणि त्यावरूनच दवाखान्यातला पेशंट. म्हणजे आपण दिवसभर "माझा पेशन्स संपलाय हं" म्हणतो आणि डॉक्टरकडे "पेशंट कोण?" ऐकतो ते दोन्ही एकाच घरचे, हे मला चाळिशीत कळावं!

पोरींना असली नावं ठेवायची हौस इंग्लंडातल्या प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांची. संतांची नावं नकोत, त्यांना कॅथलिक वास येतो, मग बायबलमधलं नाव ठेवा नाहीतर सरळ एखादा गुण. विल्यम ब्रूस्टर म्हणून त्यांचा एक पुढारी, 1620 ला मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेला. त्याच्या मुली पेशन्स आणि फिअर (देवाची भीती, आपली अंधाराची नव्हे), आणि धाकटे मुलगे लव्ह आणि रेसलिंग. हो, रेसलिंग, कुस्ती! त्या दोघांना आईबापांनी सोबत नेलं आणि मुली राहिल्या मागे, त्या गेल्या थेट 1623 ला ॲन नावाच्या जहाजातून. पेशन्स खरोखरच तीन वर्षं थांबली की हो. पुढे फिअरचं ज्याच्याशी लग्न झालं त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलीचं नाव रिमेंबर. म्हणजे रिमेंबरची सावत्र आई फिअर, काय घर असेल!

पण नाव पेशन्स म्हणून बाई गरीब गाय असं काही नाही. पेशन्स राइट म्हणून 18व्या शतकातली एक मेणाचे पुतळे करणारी होती, अमेरिकेतून 1772 ला लंडनला गेली, मेण मऊ राहावं म्हणून ॲप्रनखाली धरून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत मारत त्यांचं डोकं घडवायची, बघणारे लाजून चूर. राजाला म्हणे तोंडावर नुसतं जॉर्ज म्हणायची. तिने केलेला ब्रिटिश पुढारी विल्यम पिटचा पुतळा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये आहे.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे धीरज मुलगा असतो. सोसायचं काम मुलींकडे असूनही.

हे सगळं ऑफिसातल्या पेशन्सला सांगायला गेले तर ती म्हणाली, घरी मला कोणी पेशन्स म्हणतच नाही, शुक्रवारी जन्मले ना, म्हणून अफुआ म्हणतात. त्यांच्यात वारावरून नाव असतं. पण ऑफिसच्या लॉगिनला अफुआ नाही, त्यामुळे आजही मेसेज आला, पेशन्स लॉबीत. होस्टची वाट न बघता मीच बटण दाबलं. त्यावर लिहिलेलं असतं, ॲडमिट.