तळाशी एक कोलन

मंगळवार, रात्री पावणेबारा

आत्ता कुठे लॅपटॉप मिटला. झोप लागेल असं वाटत नाही, तेव्हा डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

आमच्याकडे गावोगावच्या दूध संस्थांचे हिशेब आहेत. एका संकलन केंद्रात म्हशीच्या दुधाचं नवं दरपत्रक दोन दिवस उशिरा लागू झालं आणि ४१२ नोंदींना जुना दर लागला. दहा दिवसांचं बिल उद्या सकाळी वाटायचं, त्यामुळे दुरुस्ती आजच हवी होती. डेटाबेसला द्यायच्या हुकमांची स्क्रिप्ट साधी लिहिली : आधी बिगिन (व्यवहार सुरू), मग अपडेट (नोंदी बदल), शेवटी कमिट (बदल पक्का). अपडेटला रिटर्निंग जोडलं, म्हणजे बदललेल्या नोंदी छापून येतात, कारण बदललेली प्रत्येक नोंद मला डोळ्यांनी बघायची होती. लोकांच्या दुधाचे पैसे आहेत, त्यात मी अंदाजाने काही करत नाही. दुपारी चाचणीच्या प्रतीवर एकाच सभासदाच्या बारा नोंदींवर चालवून पाहिली होती. लगेच झाली.

रात्री १०:२० ला पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला हुकूम द्यायच्या प्रोग्रामला, डॅश एफ (हुकूम फाइलीतून वाच) देऊन तीच फाइल खऱ्या डेटाबेसवर चालवली. स्क्रीन भरून नोंदी आल्या. फॅट ६.८, ७.१, ६.५... प्रत्येकीसमोर नवा दर. बरं वाटलं. खाली प्रॉम्प्ट, म्हणजे काम संपल्याची खूण, आला नव्हता, पण या वेळेला तिथे बॅकअप चालू असतो, म्हटलं लागत असेल वेळ. तेवढ्यात विरजण लावून येऊ म्हणून उठले.

१०:३५ ला संस्थेच्या सचिवांचा फोन. "मॅडम, बिल निघंना झालंय. गोल फिरतंय नुसतं." साडेदहानंतर बिल काढा असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

दुसरी खिडकी उघडली आणि पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी, म्हणजे डेटाबेसवर कोण काय करतंय त्याची यादी, पाहिली. बिलाचं सेशन (डेटाबेसशी जोडणी) लॉकसाठी थांबलेलं, म्हणजे त्याला हव्या त्या नोंदी दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलेल्या. त्याला कोणी अडवलंय ते पीजी-ब्लॉकिंग-पिड्सला विचारलं, तर आलेला आकडा माझ्याच सेशनचा. माझी अवस्था : आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार उघडा आणि काम काही नाही. वाट कशाची, तर क्लायंट रीड. म्हणजे सर्व्हरचं काम केव्हाच आटपलं होतं. पुढचा हुकूम काय, याची तो माझ्याकडून वाट बघत होता आणि मी त्याची.

मग पहिल्या खिडकीत परत आले आणि नीट पाहिलं. अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक कोलन. त्याला चिकटून कर्सर. बाकी काही नाही.

क्यू दाबलं. नोंदींनी भरलेली स्क्रीन क्षणात पुसली गेली आणि तिथे दोन ओळी उमटल्या : अपडेट ४१२, कमिट. फोनवर सचिव म्हणाले, "आलं, आलं, निघालं बघा." चौदा-पंधरा मिनिटं त्या माणसाने उगाच ताटकळायचं काही कारण नव्हतं. आणि ज्या नोंदी बघण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच क्यूबरोबर गेल्या. वर स्क्रोल करून पाहिलं, तिथेही नाहीत. पुन्हा सिलेक्ट मारून एकेक तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत.

बुधवार

सकाळी ऑफिसात पहिलं काम हेच. दुपारी बारा नोंदींना जे झालं नाही, ते रात्री का झालं?

पीएसक्यूएल निकाल छापण्याआधी बघतं की तो स्क्रीनवर मावतो का. मावत नसेल तर सगळा निकाल पेजरच्या, म्हणजे एकेक पान दाखवून थांबणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतं (आमच्या मशीनवर तो लेस नावाचा, तळाशी दिसलेला कोलन त्याचाच), आणि पेजर बंद होईपर्यंत फाइलीतली पुढची ओळ हातातच घेत नाही. माझी पुढची ओळ होती कमिट. बारा नोंदी मावल्या, ४१२ मावल्या नाहीत, एवढाच फरक. दुपारच्या चाचणीवर मी विश्वास टाकला, पण त्या चाचणीत ही वाट आलीच नव्हती.

दुसरी गोष्ट हाताने करून पाहिली आणि ती जास्त महत्त्वाची वाटली. तीच फाइल डॅश एफने दिली की पेजर उघडतो. तीच फाइल कोनाच्या खुणेने (<), म्हणजे इनपुट म्हणून आत ढकलली, की उघडत नाही. कारण पेजर लावण्याआधी इनपुट आणि आउटपुट ही दोन्ही टोकं खऱ्या टर्मिनलला, म्हणजे माणूस टाइप करतो त्या खिडकीला, जोडलेली आहेत का, हे तपासलं जातं. कोनाच्या खुणेत इनपुटचं टोक फाइलीला जातं. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, तर टर्मिनलच नसतं. म्हणून आमच्या रात्रीच्या स्क्रिप्टा वर्षानुवर्षं न अडकता चालतात आणि त्यातलीच एखादी कोणी हाताने चालवली की ती 'हँग होते'. ही तक्रार मी टीममध्ये तीनदा तरी ऐकली आहे. दर वेळी नेटवर्कवर ढकलून मोकळे झालो.

तिसरी तऱ्हा आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने दाखवली. "ताई, माझी तर एकच ओळ आहे, तरी पेजर येतोय." खरंच एकच ओळ होती. पण सभासदाचा पत्ता, बँकेचा तपशील, शेरा, सगळं मिळून ती टर्मिनलच्या रुंदीबाहेर गेलेली. उंचीत मावून चालत नाही, रुंदीतही मावावं लागतं. त्याला बॅकस्लॅश एक्स ऑटो लावून दिलं. आता निकाल रुंदीत मावला नाही की रकाने आपोआप एकाखाली एक येतात.

त्याने आधी पेजर बंद करायचा प्रयत्न केला होता, पण बॅकस्लॅश पीसेट पेजर एवढंच लिहून, पुढे ऑन किंवा ऑफ न देता. तसं लिहिलं की खटका उलटा होतो, बंद असेल तर चालू आणि चालू असेल तर बंद. खात्री करायला त्याने ते दुसऱ्यांदा लिहिलं आणि पेजर परत चालू झाला. मी त्याला सांगितलं, स्पष्ट ऑफ लिही. आणि समोर जी ओळ छापून येते, पेजरचा वापर बंद आहे म्हणून, ती वाच.

गुरुवार, रात्री

पेजर सरसकट बंद करून टाका, असं आज एकाने सुचवलं. मला ते पटत नाही.

मोअर हा लेसच्या आधीचा पेजर १९७८ मध्ये बर्कलीला डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने लिहिला. त्याआधी कित्येक ठिकाणी उत्तर कागदावर टाइप होऊन येई आणि कागद कुठे जात नसे. काचेचा पडदा आला, चोवीस ओळींचा, आणि पंचविसावी ओळ आली की पहिली वर सरकून गेली ती गेलीच. एक पान दाखवून थांबणारा प्रोग्राम तेव्हा खरोखर गरजेचा होता. पुढे ऐंशीच्या दशकात मार्क नूडलमन यांनी लेस लिहिला, त्यात सहज मागेही जाता येऊ लागलं. मी रोज दहा वेळा तरी लेसमध्ये तिरकी रेघ मारून सभासद क्रमांक शोधते. रुंद तक्त्यात बाणाने उजवीकडे सरकते. ते गेलं तर माझा एक हात गेल्यासारखं होईल.

पेजर समोर बसलेल्या माणसासाठी आहे. स्क्रिप्ट चालवताना मी समोर बसलेली असले तरी वाचक म्हणून नसते, आणि हे टर्मिनलला कळायचा मार्ग नाही. ते मलाच सांगावं लागणार.

म्हणून दोन वेगळ्या सोयी केल्या. स्क्रिप्टांमध्ये पीएसक्यूएलला आता डॅश मोठा एक्स, म्हणजे कोणाची वैयक्तिक पीएसक्यूएलआरसी (सेटिंगची फाइल) वाचली जाणार नाही, आणि डॅश मोठा पी देऊन पेजर इक्वल टू ऑफ. ओळीच्या सुरुवातीलाच, सगळ्यांना दिसेल असं. निकाल एका लॉग फाइलीतही जातो, म्हणजे नोंदी पुसल्या जायचा प्रश्न नाही. शिवाय या कामांच्या सेशनला आयडल-इन-ट्रान्झॅक्शनची मुदत एक मिनिट ठेवली. मूळ सेटिंगमध्ये ती शून्य असते, म्हणजे मुदतच नाही. ती असती तर मंगळवारी एका मिनिटात माझं सेशन तुटलं असतं आणि अपडेट मागे फिरलं असतं. सचिवांचं बिल मात्र त्यामुळे जुन्याच दराने निघालं असतं. यावर अजून विचार करायचा आहे. कदाचित बिल काढायची परवानगीच दुरुस्ती संपल्यावर उघडावी.

माझ्या स्वतःच्या टर्मिनलवर पेजर चालूच आहे. फक्त लेसला तीन पर्याय कायमचे दिले : लांब ओळी न मोडता कापायच्या, सगळं एका पानात मावलं तर आपणहून बंद व्हायचं, आणि बाहेर पडताना स्क्रीन पुसायची नाही. तिसरा पर्याय लावून क्यू दाबलं, तर दिसत होतं ते पान जागच्या जागी राहिलं. मंगळवारी हे हवं होतं.

शुक्रवार

सचिवांना फोन करून सांगितलं की चूक आमच्या बाजूची होती आणि ती कशी झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पैशे बरोबर आलेत मॅडम, एकाचीबी तक्रार न्हाई."

दुपारी सगळे फोल्डर उघडून बसले. हाताने चालवायच्या एकतीस स्क्रिप्टा निघाल्या, त्यातल्या नऊ डॅश एफवाल्या, आणि त्या नवांपैकी चारांत बिगिन आणि कमिटच्या मध्ये रिटर्निंग. चारही आजच दुरुस्त केल्या आणि चाचणीही या वेळी पाचशे नोंदींवर घेतली. उरलेल्या पाच सोमवारी. त्या नव्या मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडूनच करून घेणार आहे.