शाईखालची तीन नावे

टोरोंटोतील एका कार्यशाळेत मी जुनी पुस्तके आणि कागदपत्रे दुरुस्त करते. आमच्या कामाचा निम्मा वेळ आधी कोणीतरी प्रेमाने केलेली दुरुस्ती उकलण्यात जातो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. २०१६ च्या जूनमध्ये साठीच्या एक बाई आपल्या आईचे ‘लाउलुरामात’, म्हणजे एस्टोनियन ल्यूथरन चर्चच्या स्तोत्रगीतांचे पुस्तक, टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या, तेव्हा त्याच्या पाठीवर चिकटपट्टीचे तीन थर होते. मंडळीतल्या एका हौशी गृहस्थांची ती करामत होती. अशा गृहस्थांचा मला मनापासून राग येतो. चिकटपट्टीतला डिंक कागदात मुरतो, आधी पिवळा आणि मग तपकिरी होतो, आणि भज्याखालच्या कागदासारखी ती जागा तेलकट पारदर्शक करून टाकतो. कोमट पात्याने वरची फीत सोलणे, रबराने चिकटा गोळा करणे आणि मुरलेला डाग द्रावकाने थोडा थोडा ओढून काढणे यांत माझे तीन दिवस गेले.

पुस्तक जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत छापलेले होते. स्वतःच्या आजीचे ते पुस्तक या बाईंच्या आईला १९४३ मध्ये, त्यांच्या सतराव्या वर्षी ‘लेर’च्या वेळी, म्हणजे चर्चमध्ये श्रद्धेची जाहीर कबुली देण्याच्या विधीच्या वेळी मिळाले होते. पुढल्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोव्हिएत लाल सेना राजधानी टॅलिनच्या दिशेने येत असताना सत्तर हजारांहून अधिक एस्टोनियन माणसांनी देश सोडला. बहुतेक जण जर्मनीकडे गेले, आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसे मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचली. त्या होड्यांपैकी एकीत ही अठरा वर्षांची मुलगी एकटीच होती. तिच्याजवळ एक गाठोडे होते आणि गाठोड्यात हे पुस्तक.

होडीत शिरलेल्या पाण्याची रेघ प्रत्येक पानाच्या खालच्या तिसऱ्या भागावर लाटेसारखी उमटलेली होती. सुटलेली शिवण उसवून मी एकेक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा, पाण्यात घातला, आणि दर वेळी त्या पाण्यात किती मीठ उतरले ते मोजले. ते अपेक्षेपेक्षा कमी निघाले. नंतर लक्षात आले की बाल्टिक समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम सात ग्रॅम मीठ असते, आणि आपल्या कोकणच्या समुद्रात पस्तीसच्या आसपास. हेच पुस्तक अरबी समुद्रात भिजले असते, तर दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढून त्याची पाने केव्हाच कुजली असती. रेघ पुसट झाली तरी गेली नाही. आमच्या मालकांना ती रसायनाने उडवायची होती, कारण ‘ग्राहकाला फरक दिसला पाहिजे’. मी नकार दिला. मीठ काढणे माझे काम आहे. समुद्र पुसून टाकणे माझे काम नाही.

पाठ मात्र समुद्राने मोडली नव्हती. पानापानांत घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठ्यांमुळे पुस्तक फुगले होते, आणि त्या फुगवट्याने शिवण तुटली होती. त्या चिठ्ठ्या टोरोंटोतल्या एस्टोनियन मंडळीच्या वार्षिक वर्गणीच्या पावत्या होत्या. पहिली १९५० ची होती, आणि त्यानंतर एकही वर्ष चुकलेले नव्हते. लेकीने सांगितले की आईने एका शिवणकामाच्या कारखान्यात उभे आयुष्य काढले. घरभाडे एखाद्या महिन्यात मागे पडायचे, पण ही वर्गणी कधी नाही. बिशप योहान कोप १९४४ मध्ये स्वीडनला निघून गेले आणि तेथून त्यांनी परागंदा चर्च चालवले. जगभर विखुरलेले ते चर्च अशाच माणसांच्या लहान लहान पावत्यांवर तगून राहिले. पावत्या वेगळ्या पेटीत ठेवा, असा सल्ला मी दिला. तो आजींनी, म्हणजे बाईंच्या आईने, फोनवरच धुडकावला. शेवटी मी पाठीला थोडी जास्त जागा सोडून नवी बांधणी केली. नियमात ती बसत नाही, पण मला तिचा अभिमान आहे. खळ गव्हाचीच होती. पुण्यात पोथ्यांवर शिकले तेव्हा बांधणीवाले तिच्यात किडीसाठी मोरचूद टाकत, येथे तेवढे टाकले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुटुंबाची नोंद होती. वडिलांच्या नावापुढे १४-६-१९४१ एवढी तारीख होती. त्या एका रात्रीत एस्टोनियातून सुमारे दहा हजार माणसे गुरांच्या डब्यांत भरून सोव्हिएत संघाच्या अंतर्भागात नेण्यात आली, आणि बायकामुलांपासून तोडलेले बहुतेक पुरुष छावण्यांतून परतले नाहीत. बाकीचे घरचे लोक त्या रात्री दुसऱ्या गावी होते, म्हणून वाचले. वडिलांच्या खाली आजींचे स्वतःचे नाव होते. त्याखालच्या तीन ओळी मात्र निळ्या शाईने इतक्या गच्च खोडलेल्या होत्या की कागद जागोजागी फाटला होता.

लेकीने पहिल्याच दिवशी हळूच विचारले होते की त्याखालचे काही वाचता येईल का, कारण आई त्याबद्दल बोलत नाही. पाण्याने ती शाई फुटली असती, म्हणून ते पान मी धुतले नाही. दुरुस्तीआधीच्या नोंदीसाठी साध्या प्रकाशातले छायाचित्र पुरेसे होते. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातले मी काढले ते निव्वळ कुतूहलापोटी, हे कबूल केले पाहिजे. त्या प्रकाशात साधी निळी शाई काचेसारखी पारदर्शक होते आणि शिसपेन्सिल काळीच राहते. पडद्यावर तिन्ही ओळी स्वच्छ उमटल्या: एका बाईचे नाव आणि १८९९, दोन मुलांची नावे आणि १९२८ व १९३१. आडनाव आजींचे माहेरचेच होते. लेकीला वाटत होते की आईचे मागे कोणीच उरले नव्हते.

ऑक्टोबरात पुस्तक न्यायला दोघी आल्या. लेक गाडी लावायला गेली, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नव्वद वर्षांच्या आजींनी सरळ शेवटचे पान उघडले.

“तुमच्या यंत्राला खालचे दिसते का?”

“दिसते,” मी म्हणाले.

मग पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी सगळे सांगितले, हिशेब द्यावा तशा कोरड्या आवाजात. आजींची आई नवऱ्याची वाट पाहत मागे राहिली, आणि धाकटे दोघे आईबरोबर राहिले. जानेवारी १९४६ मध्ये स्वीडनने जर्मन सैन्यात लढलेले १४६ बाल्टिक सैनिक सोव्हिएत संघाच्या हवाली केले, तेव्हापासून तेथेही झोप लागेनाशी झाली. लोक जुनाट बोटी विकत घेऊन अटलांटिक ओलांडू लागले. त्यांपैकी ‘वॉलनट’ नावाची सुरुंग काढणारी जुनी नौका डिसेंबर १९४८ मध्ये ३४७ माणसांना घेऊन हॅलिफॅक्सला पोहोचली. आजी तशाच दुसऱ्या एका बोटीने आल्या. १९५६ मध्ये गावाकडच्या एका ओळखीच्या बाईचे पत्र आले: तुमच्या घरचे बरे आहेत, १९४४ मध्ये समुद्रात बुडालेल्या मुलीची आठवण काढतात.

आजींना अर्थ लगेच समजला. परदेशात नातेवाईक आहेत का, हा प्रश्न तेथल्या सोव्हिएत अर्जांवर असे, आणि ‘आहे’ या उत्तराने नोकरी किंवा शिक्षण अडत असे. मार्च १९४९ मध्ये एस्टोनियातून आणखी वीस हजारांहून अधिक माणसे सायबेरियाला नेली गेली होती, आणि वडील नेले गेल्यामुळे या घरावर आधीच नजर होती. भावांनी बहिणीला कागदावर बुडवले होते. आजींनी उत्तर पाठवले नाही, आणि येथे कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्याच रात्री नावे खोडली.

“पण १९९१ नंतर?” मी विचारले. एस्टोनिया स्वतंत्र झाला होता. परागंदा चर्च आणि मायदेशीचे चर्चसुद्धा २०१० मध्ये पुन्हा एक झाले होते.

“त्यांच्या घरात मी सत्तेचाळीस वर्षे मेलेली होते,” त्या म्हणाल्या. “आई त्या दुःखातच गेली असणार. आता मी दारात जाऊन उभी राहिले, तर ते दुःख कशाचे होते?”

हे मला तेव्हा पटले नाही, आजही पूर्ण पटत नाही. पण त्यांनी “लेकीला सांगू नका” म्हटले तेव्हा मी “बरे” म्हणाले. कधीपर्यंत, हे विचारायला हवे होते. तोवर लेक आत आली होती.

अहवालातून मी ते छायाचित्र वगळले. मालकांनी वेळपत्रकात छायाचित्रणाचे दोन जादा तास पाहिले आणि पैसे देणाऱ्याला सगळे मिळाले पाहिजे, असे सुनावले. मी ते दोन तास बिलातून कमी केले आणि विषय संपवला.

आजी शहाण्णवाव्या वर्षी गेल्या. गेल्या महिन्यात लेकीचे पत्र आले: त्या वेळी तुम्ही खोडलेल्या ओळी वाचल्या होत्या का, आणि असल्यास मला कळवाल का. व्यवसायाचा नियम तिच्या बाजूने आहे. पुस्तक आता तिचे आहे, आणि त्याची नोंद तिच्यापासून लपवण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या बाजूला माझे एक “बरे” आहे, आणि १९२८ व १९३१ साली जन्मलेल्या त्या दोघांची मुले-नातवंडे कुठे असतील, तर आपली आत्या बुडाली हे त्यांना ठाऊक असलेले सत्य आहे.

उत्तर लिहिण्याआधी मी जुना अहवाल काढून पाहिला. शेवटी सवयीने लिहिलेले वाक्य होते: शेवटचे पान उजेडापासून जपावे. साधी निळी शाई उन्हाने विटते, पेन्सिल विटत नाही. ते पान दक्षिणेकडच्या खिडकीत उघडे ठेवले, तर काही वर्षांत तिन्ही नावे आपोआप वर येतील. लेकीने माझी सूचना पाळली आहे. पुस्तक कपाटात, कापडात गुंडाळून ठेवले आहे, असे तिने पत्रात मुद्दाम लिहिले आहे.